तीन पन्नास

छातीवर पाच गोल पट्ट्या, पट्ट्यांना वायरी,
वायरींच्या टोकाला कमरेशी
पानाच्या डबीएवढं यंत्र.
"चोवीस तास आंघोळ नाही," डॉक्टर चेऊलकर म्हणाल्या,
"आणि जे कराल ते या कागदावर, वेळेसकट."

लिहिलं मग.
सव्वासहा, चहा.
सात, किसननगरपर्यंत चालत, येताना मेथी.
साडेअकरा, पाटणकरांशी पार्किंगवरून बोललो,
पुढे बारीक अक्षरात: मोठ्याने.
संध्याकाळी नातीचं गणित. साडेदहा, झोप.
मग सकाळपर्यंत कागद कोरा.
झोपेतलं माणूस काय लिहिणार?

रिपोर्टवर बाईंनी पेनाचं टोक ठेवलं.
इथे तुम्ही झोपलात, बघा कसे ठोके उतरत गेले,
बहात्तर, चौसष्ट, छप्पन्न,
दोन वाजता सत्तेचाळीस.
घाबरू नका, झोपेत उतरायचेच.
मी कशाला घाबरतोय,
सगळ्या चाव्या बंद केल्या की लाइन अशीच असते,
आत पाणी, पण चालत नाही.
"इथे सव्वासहाला जाग, चढले. तेही ठीक.
पण हे काय?"

तीन पन्नासला एक टेकडी.
सत्तेचाळीसवरून एकदम अठ्ठ्याऐंशी,
वीस मिनिटं तिथेच,
मग पुन्हा उतार, पुन्हा पन्नास.
"उठला होतात? बाथरूमला? काही स्वप्न?"
नाही म्हटलं.
कागदावरही काही नव्हतंच.

परतताना रोड नंबर सोळाच्या कोपऱ्यावर
पाय आपोआप थांबले.
फूटपाथवर लोखंडी झाकण.
एकतीस वर्षं मी इथे तीन पन्नासला यायचो,
खांद्यावर माझ्याएवढ्याच उंचीची चावी,
पाठीमागे कुत्री, ओळखीची.
झाकण सरकवायचं, खाली वाकून चावी बसवायची.
आधी चार फेरे. थांबायचं.
आतली हवा शिट्टी मारत निघून जाऊ द्यायची.
मग पुढचे. एकूण अठ्ठावीस.
एकदम उघडलीस तर लाइन फुटेल रे,
नव्या पोरांना मीच दटावायचो,
आणि माझ्याच छातीत हे असं,
सत्तेचाळीसवरून थेट अठ्ठ्याऐंशी!

रिटायर होऊन चार वर्षं झाली.
आता तिथे मोटर बसलीय म्हणतात,
कुठल्याशा ऑफिसात कुणी बटण दाबतं
आणि पाणी सुटतं, वेळही बदललीय.
हे माझ्यापर्यंत पोचलं.
आत कुणी कळवलेलं दिसत नाही.

मथुरा मेथी निवडत होती. तिला सांगितलं.
मान वर न करता म्हणाली,
"माहितीय. रोज त्या वेळेला
तुमचा उजवा हात फिरतो चादरीवर.
मोजलंय मी. बावीसला थांबता."
म्हटलं, "अठ्ठावीस असतात."
"असतील. बावीसलाच थांबता, दमता बहुतेक.
मग कूस बदलता, आणि मला झोप लागते."

म्हणजे ती चार वर्षं जागी,
आणि मी ड्युटीवर.

बाईंनी गोळी लिहून दिलीय,
पांढरी, लहानशी, रात्री एक.
आणून खणात ठेवली.
डोक्यात मात्र ते सहा फेरे.
खालच्या चाळींना पाणी पहिल्या दहातच पोचायचं,
रूपादेवी पाड्याची चढण मात्र
शेवटच्या सहावर असायची.
वरच्या गल्लीत सोनटक्केबाई नळाखाली हंडा लावून
पायरीवर बसलेल्या असायच्या,
एकदा मला उशीर झाला
तर काही बोलल्या नाहीत, नुसता हंडा उपडा करून दाखवला.

गोळी खणात आहे.
मथुरा रोज विचारते, घेतली का?
घेईन म्हणतो.
आधी वरच्या गल्लीचं पाणी येऊन जाऊ दे.